गालिच्यातला कुत्र्याच्या लघवीचा वास पावसात परत येतो, गणेशचवथीआधी काय करू?

माशेलची सून

नमस्कार. आमचा ब्राउनी 13 वर्षांचा झाला. जूनपासून त्याला रात्री लघवी आवरत नाही. वसरीतल्या गालिच्याच्या दाराकडच्या कोपऱ्यावर जाऊन करतो, रोज त्याच जागी. गालिचा सासऱ्यांनी हौसेने घेतलेला, मरून रंगाचा, 6 बाय 9 फुटी. ते आता नाहीत, त्यामुळे टाकून द्यायला घरात कुणाचा हात धजत नाही.

आधी गरम पाण्यात फिनेल घालून घासला, मग साबणाच्या पावडरीने. मध्ये उघडीप मिळाली तेव्हा दोन दिवस उन्हात टाकला आणि वास गेला. मला वाटलं सुटले. पण पावसाची झड लागली आणि दुपारपर्यंत तोच वास. ब्राउनीही पुन्हा त्याच कोपऱ्यात.

चवथीला तीन आठवडे आहेत. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडवी) त्याच वसरीत बांधतात, मुंबईहून दीर-जावा येणार, सगळे खालीच बसतात. "त्याला बाहेर बांधा" असं घरात बोलणं सुरू झालंय. 13 वर्षं आत झोपलेल्या जिवाला भर पावसात बाहेर काढायचं माझ्याने होणार नाही. घरात खायचा सोडा आणि माडाचं व्हिनेगर आहे. त्याने होईल का?

म्हापशाची मांजरवाली

व्हिनेगरने होतं, पण माडाचं नको. त्याला स्वतःचा रंग असतो, वासही उग्र. किराणा दुकानात मिळतं ते पांढरं घ्या, निम्मं पाणी घालून. आणि काळं फिनेल घरातून काढूनच टाका. त्यातली फिनॉल जातीची द्रव्यं मांजरांच्या यकृताला पचत नाहीत, पंजे चाटले की पोटात जातात. कुत्र्यालाही चांगली नाहीत.

हाऊसकीपिंगवाला, कांदोळी

ताई, मी 16 वर्षं हॉटेलांत हाऊसकीपिंग करतोय. पाळीव जनावरं घेऊन येणारे पाहुणे आमच्याकडे बरेच असतात, त्यामुळे हे काम हाताखालून खूप गेलंय.

आधी गालिचा उलटा करून बघा. वरून डाग बशीएवढा दिसत असेल तर खाली भाकरीएवढा निघेल. लघवी खाली झिरपते, पसरते आणि पाठीच्या तागात सुकते. तुम्ही धुतलं ते वरचं. सुकलेले क्षार आत तसेच बसलेत, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते ओल ओढून घेतात. ओल आली की जिवाणू कामाला लागतात, अमोनिया सुटतो. उन्हात वास गेला नव्हता, नुसता सुकला होता. ब्राउनीचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. त्याला ती जागा "इथेच करायचं" असं सांगत राहते.

नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च मिळाली तर रात्री दिवे मालवून फिरवा. लघवीचा डाग पिवळट चमकतो. साबणाची पावडरही चमकते, पण निळसर. तुमच्याकडे दोन्ही दिसतील.

मग कडेचा एक धागा काढून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून मणी झाला तर सिंथेटिक. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोकर असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं नाही, रंग उडतो आणि लोकरही खराब होते. फिक्या सिंथेटिकवर चालतं, पण 3 टक्केच. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुतेक 6 टक्क्यांची बाटली देतात, तिच्यात तेवढंच पाणी घालावं लागतं.

आता काम. साध्या थंड पाण्याने आधीचं फिनेल आणि साबण काढा. गरम पाणी नको, त्याने डाग अजून पक्का बसतो. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात थोडं लावून 10 मिनिटांनी पांढरं फडकं दाबा. रंग फडक्यावर आला तर थांबा. नाही आला तर डागाच्या दोन्ही बाजूंनी ओता. शिंपडू नका, ओता. लघवी जिथवर गेली तिथवर व्हिनेगर पोचलं पाहिजे. एवढ्या डागाला अर्धा लिटर तरी लागेल. पाव तास थांबून जुना पंचा चौघडी करून ठेवा आणि त्यावर सरळ उभ्या राहा. चोळायचं नाही. पंचा पिवळा येईल. बदला, पुन्हा उभ्या राहा. पिवळेपणा थांबेपर्यंत हेच.

सोडा त्याच वेळी टाकू नका. फेस बघून बरं वाटतं, पण दोघे एकमेकांना मारतात आणि हातात काहीच उरत नाही. गालिचा हाताला जेमतेम ओलसर लागेल तेव्हा मूठभर पसरा आणि सकाळी झाडून काढा. जास्त ठेवला तर पावसात त्याचे खडे होतात.

सुकवणं हा अर्धा भाग. दोन बाकांवर उलटा टाका आणि खालून टेबलफॅन लावा, रात्रंदिवस.

ब्लीचिंग पावडर किंवा लादीचं ब्लीच याच्या जवळपास आणू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, व्हिनेगरबरोबर क्लोरीन सुटतो. आमच्या एका मुलीला बंद बाथरूममधून खोकत खोकत बाहेर काढावं लागलं होतं.

आणि खरं सांगतो, दोन महिन्यांचा जुना डाग घरच्या वस्तूंनी पूर्ण जाईलच असं नाही. राहिला तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात लघवीचे अंश फोडणारं एन्झाइमवालं द्रव मिळतं, ते मात्र व्हिनेगर पाण्याने काढून टाकल्यावरच. वर प्लास्टिक झाकून एक रात्र ओलं ठेवायचं.

डिचोलीकर

गालिच्याआधी ब्राउनीला डॉक्टरकडे न्या. पाणी जास्त पितो का बघा. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला साखर (मधुमेह) निघाली होती आणि आम्ही तिला महिनाभर ओरडत होतो. ते अजून मनाला लागतं. आणि हातमोजे घाला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) कुत्र्याच्या लघवीतूनही येतो.

माशेलची सून

12 दिवसांनी लिहितेय. धागा जाळला, लोकरच निघाली. गालिचा उलटला तेव्हा दादा म्हणाले तसंच, वर बशी, खाली भाकरी, आणि कडेला तपकिरी वलय. व्हिनेगर दोनदा केलं. पहिल्या दिवशी चार पंचे पिवळे झाले, दुसऱ्या खेपेला एकच. सुकायला तीन दिवस लागले. काल दिवसभर धो धो पाऊस होता. मी जमिनीला नाक लावून वास घेतला. कडेला अगदी किंचित आहे, तेवढ्यापुरतं एन्झाइमवालं मागवलंय.

ब्राउनीला मूत्राशयाचा संसर्ग होता, गोळ्या चालू आहेत. रात्री 2 वाजता उठून मी त्याला परसात नेते. काल उठायला उशीर झाला, तर तो दाराशी उभा राहून माझी वाट बघत होता.