पॅड उचलतात, ग्राउंडचा जोड मात्र दाणेदार: सोल्डरिंग आयर्न किती तापवावं?

प्रश्न (मिरज): घरी फेरिक क्लोराइडमध्ये (नको असलेलं तांबं खाणाऱ्या द्रावणात) केलेला तपकिरी फिनॉलिक (कागद आणि रेझिनचा) सर्किट बोर्ड, २५ वॅटचं साधं आयर्न, सोल्डरची ६०/४० तार (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं). बारीक पॅड (पाय जोडायच्या तांब्याच्या टिकल्या) सुटतात आणि ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक जोडणीच्या) मोठ्या तांब्यावर सोल्डर नीट पसरतच नाही. काय चुकतंय?

उत्तर (सातारा): ६०/४० तार १८३ ते १९० अंशांत वितळते, तरी टोक ३२० ते ३५० लागतं, कारण टेकवताच तांबं उष्णता ओढून घेतं. साध्या आयर्नला तापमानावर ताबाच नसतो: रिकामं राहिलं की चढत जातं, मोठ्या तांब्यावर टेकवलं की एकदम उतरतं. तापमान धरणारं ६० वॅटचं सोल्डरिंग स्टेशन घ्या. सुईसारखं टोक काढून २.४ मिमीचं छिन्नीसारखं लावा. फरक तिथंच पडतो. सुट्या भागाचा पाय आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवा, तार टोकाला नाही, जोडाला द्या. तीन सेकंदांत झालं नाही तर थांबा, गार होऊ द्या, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा. दाबू तर अजिबात नका, पॅड त्यानंच निघतात.

उत्तर (कराड): फिनॉलिकवर तांब्याची पकड उष्णतेनं लवकर सुटते. एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीचा बोर्ड) वापरा. ग्राउंडच्या पॅडला अखंड तांबं न जोडता चार बारीक पट्ट्या ठेवा, म्हणजे उष्णता कमी ओढली जाते.

उत्तर (वाई): थंडीत फेरिक क्लोराइडचं द्रावणही पाहा. गार द्रावणात वेळ लांबतो आणि रेघा कडेनं खाल्ल्या जातात, मग पॅड आणखी बारीक. प्लास्टिकचा ट्रे गरम पाण्याच्या टबात ठेवून ४० ते ४५ अंश राखा. गॅसवर नको, स्टील-ॲल्युमिनियमचं भांडंही नको.