आयआरक्यूबॅलन्स उडवायचं? कशापायी?

काळी_माती: काल इथं एकानं फतवा काढला: "सर्व्हर हातात आला की आधी आयआरक्यूबॅलन्स उडवा, सगळे इंटरप्ट हातानं पिन करा. डेमन आळशांसाठी." वर अंगठ्यांचा पाऊस! (नवख्यांसाठी: इंटरप्ट म्हणजे कार्ड-डिस्कनं कामासाठी कोअरला मारलेली हाक; आयआरक्यूबॅलन्स हा लिनक्सवर मागं चालणारा प्रोग्राम, म्हणजे डेमन, तो ह्या हाका कोअरांत वाटतो; पिन म्हणजे हाक ठरावीक कोअरला बांधणं.) अरे, आठ कोअरची साधी मशीन, त्यावर डेटाबेस. डेमन दर 10 सेकंदाला भार बघतो, कॅश-नूमा (कुठली मेमरी कुठल्या कोअरजवळ) बघून इंटरप्ट हलवतो. तुझं पिनिंग रीबूटनंतर टिकतं का? कार्ड बदललं, इंटरप्टचे नंबर बदलले, की रात्री फोन कुणाला? आणि एनव्हीएमईच्या (वेगवान एसएसडीच्या) रांगांचे इंटरप्ट कर्नलनंच बांधलेले असतात, अफिनिटी (कुठला इंटरप्ट कुठल्या कोअरला) लिहायला गेलास की एरर. कर पिन "सगळे".

कोअर_शून्य: फतवा माझाच. एनव्हीएमई सोडून सगळे, बस? द्या फाशी. पण 10 गिगच्या नेटवर्क कार्डावर तुझा डेमन जागा होईस्तोवर पॅकेट ड्रॉप व्हायला लागलेले असतात. वर रांग दुसऱ्या कोअरवर नेली की कॅश थंड, डेटा पुन्हा लांबून आणा. कार्ड ज्या नूमा नोडवर, तिथंच इंटरप्ट अन् प्रोसेस ठेवा. विषय संपला.

केबलवाला_उदगीर: तुम्ही दोघं भांडायलाव, आमचं काय? आमचं इंटरनेटचं गिऱ्हाईक पीपीपीओईवर, म्हणजे लॉगिन करून नेट जोडायच्या पद्धतीवर. कार्डाला रांगा आठ, पण त्याला पीपीपीओईच्या आतला आयपी दिसतच नाही, मग सगळा माल एकाच रांगेत. मॅचच्या संध्याकाळी केसॉफ्टआयआरक्यूडी (पॅकेटचं काम उपसणारा कर्नलचा धागा) एका कोअरवर शंभर टक्के, बाकी सात कोअर पारावर बसल्यासारखे. पुण्याच्या एका सल्लागारानं नवा सर्व्हर घ्यायला लावला. घेतला. तेच! शेवटी आरपीएसचा मास्क (पॅकेट कुठल्या कोअरांत वाटायचे त्याची कर्नलातली सेटिंग) लावला, तेव्हा कुठं कर्नल आतला पत्ता वाचून पॅकेट वाटायला लागला. आरपीएस 2010 पासून, 2.6.35 पासून आहे की कर्नलात! अन् आम्ही हप्ते भरायलोत.

केजचा_पुण्यात: सल्लागार भिकार निघाला, त्यात पुण्याचं काय?

केबलवाला_उदगीर: आले! बारावीला लातूरला ट्यूशन, मग पुणं, मग तिथून आम्हाला रिमोटवर अक्कल. जेसीबीनं फायबर तोडलं की उन्हात कोण येतं?

केजचा_पुण्यात: पगार काय देतोस ते बोल. परत यायची हौस मलाही आहे, पण माय-बापाचा दवाखाना हौसेवर चालत नाही.

केबलवाला_उदगीर: सोयाबीनचा पैसा आल्याशिवाय लोक बिल भरंनात, अन् ह्याला पगार सांगा.

केजचा_पुण्यात: मग पुण्याच्या नावानं बोंबलू नको.

काळी_माती: भाऊ, पगारावरून खाली उतरा. केबलवाल्याचा दाखला माझ्याच बाजूचा. एकच रांग भरत असेल तर ती कुठंही पिन कर, तोच कोअर मरणार.

कोअर_शून्य: अन् डेमननं काय दिवे लावले असते? तोच इंटरप्ट ह्या कोअरवरून त्या कोअरवर. रोज नवा कोअर मारायचा, एवढंच.

काळी_माती: बरं, राउटरवरून काढ डेमन, महाराज. डेटाबेसच्या मशीनला हात लावलास तर बघ.

कोअर_शून्य: तुझ्या डेटाबेसला कोण विचारतंय?

केबलवाला_उदगीर: केजवाले, पगाराचं इनबॉक्सात बोलू. खांबावर चढता येतं का पण?