सावकाश आयननं बेंझिन कसं फुटते? हेलियमनं फुटते मग झेनॉननं काहून नाही?

दारव्ह्याची_केमिस्ट्री: नमस्कार, एमएस्सी पहिलं वर्ष. आमच्याकडं मास स्पेक्ट्रोमीटर (मॉलिक्यूलच्या तुकड्यांची वजनं दाखवणारं यंत्र) पुस्तकातल्या चित्रातच पाह्याला भेटते. माह्या डोक्यात असं बसलं होतं की आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) गोट्यासारखा आपटते अन् मॉलिक्यूल फुटते. पण सरांनी सांगितलं की सावकाश जाणारा हेलियम आयन बेंझिनचे तुकडे करते अन् झेनॉन आयन नाही करत. झेनॉन तर हेलियमच्या जवळपास 33 पट जड! जड गोटा कमी फोडते हे मले पटतच नाही, कोणी समजावून सांगा ना.

वणीकर_मास्तर: पोरी, वजन सोड. सावकाश आयन जवळून जाताजाता बेंझिनचा एक इलेक्ट्रॉन हिसकते, अन् तेव्हा किती एनर्जी मोकळी होते ते पाह्य. हेलियम आयनले इलेक्ट्रॉन भेटला की 24.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट (एनर्जीचं बारकं माप) सुटतात, झेनॉनले भेटला तर 12.1. बेंझिनमधून इलेक्ट्रॉन काढाले 9.2 लागतात. म्हणजे हेलियमच्या वेळी बेंझिनच्या पोटात 15 च्या वर उरू शकतात, झेनॉनच्या वेळी जेमतेम 3. बेंझिन आयनमधला एक हायड्रोजन तोडाले चारच्या जवळपास लागते, 3 मध्ये कुठून तुटन?

अन् तुकडे लगेच होत नाहीत. उरलेली एनर्जी आधी सगळ्या बाँडमध्ये फिरते, मॉलिक्यूल थरथरते, मग जिथं कच्चं असन तिथून सुटते. सोयाबीन काढाले उशीर झाला की दुपारच्या उन्हात शेंग उभ्या झाडावरच तडकते न, कोणी काठी मारत नाही, उन्हानं आतला ताण वाढला की शिवणीवरूनच उघडते. तसंच.

खळ्यावरचा: मास्तर बरोबर, पण हे सावकाश आयनचं झालं. आयन लय वेगात असला तर एकाच फटक्यात दोन-चार इलेक्ट्रॉन काढून नेते, मग मागं राहिलेले पॉझिटिव्ह तुकडे एकमेकाले ढकलून दूर फेकतात, तेले कुलोंब एक्सप्लोजन म्हणतात. तिथं थरथरून कच्चा बाँड शोधाले वेळच भेटत नाही. जपानात चिबाले 1994 पासून कार्बन आयननं कॅन्सरवर उपचार करतात, पेशीतला डीएनए तुटाले पाहिजे म्हणून. अन् आयननं उडवलेले इलेक्ट्रॉनही डीएनए तोडतात, 3 ते 20 इलेक्ट्रॉन व्होल्टवाले बारके इलेक्ट्रॉनसुद्धा, हे 2000 साली प्रयोगात दिसलं. मले तर तेच सगळ्यात भारी वाटते, घाव आयनचा अन् अर्धं काम त्यानं उडवलेल्या बारक्यांचं.

दारव्ह्याची_केमिस्ट्री: आता समजलं सर! वहीतला बेंझिनचा स्पेक्ट्रम (तुकड्यांच्या वजनांचा आलेख) काढून बसली आहे, आख्ख्या बेंझिनचा 78, तुकड्यांचे 77, मग एकदम 51. 78 मधून एक हायड्रोजन गेला की 77. अन् 77 मधून 51 वजा केले तर 26, म्हणजे ॲसिटिलीन (C2H2) निघून गेलं का?

वणीकर_मास्तर: हो, ॲसिटिलीनच. आता 52 अन् 39 चे दांडे पाह्य, 78 मधून काय काय गेलं ते स्वतः काढून इथंच टाक.