पुणे ७९२ वर खरखर, १०१ वर सूंऽऽ: गाणं स्वच्छ ऐकायचं तर काय करावं?

नीराकाठ
मुक्काम भोर. पुणं उत्तरेला, साधारण ५० किलोमीटर, मध्ये डोंगर. घरात दोन सेट आहेत: जुना काट्याचा ट्रान्झिस्टर आणि आकडे दाखवणारा नवा, बाहेरदेशी बनावटीचा. ऐकायचं आहे ते आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ आणि विविध भारतीचं एफएम १०१, दोन्ही गाण्यांसाठीच.
नव्या सेटवर ७९२ लागतच नाही. आकडा ७९० वरून थेट ८०० वर जातो. ७९० वर आवाज येतो, पण वरच्या पट्टीतल्या ताना फाटतात. जुन्यावर संध्याकाळी दिवेलागणीपासून घरर्र चालू होते. १०१ वर गाणं हळू झालं की मागे सूंऽऽ ऐकू येतं. छपरावर लांब तार टाकून उपयोग होईल का?

गँग कंडेन्सर
नव्या सेटमध्ये बिघाड नाही, त्याची पायरी चुकीची लागली आहे. मध्यमलहरींवर आपल्याकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिकेत १० च्या. ७९२ ला ९ ने पूर्ण भाग जातो, मुंबईच्या ५५८ लाही जातो. १० च्या पायरीवर तुम्ही २ किलोहर्ट्झ बाजूला उभे राहता. मग फिल्टर सिग्नलची एक बाजू कापतो आणि वरचे सूर फाटतात. माहितीपत्रकात ९के/१०के शोधा. बऱ्याच सेटमध्ये सेट बंद असताना एखादं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की पायरी बदलते. बदलल्यावर साठवलेली स्टेशनं पुसली जाऊ शकतात, आधी लिहून ठेवा.
याच सेटवर बँडविड्थचं (स्टेशनाभोवतीचा किती रुंद पट्टा आत घ्यायचा, त्याचं) बटण असेल तर दिवसा ४ किंवा ६ किलोहर्ट्झ ठेवा. २ वर खरखर कमी होते खरी, पण तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची किनार तिच्याबरोबरच जाते. गाण्यासाठी थोडी खरखर सोसलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

मेनस्विच
दिवेलागणीपासून घरर्र म्हणजे संशय दिव्यांवरच. सेट सेलवर चालवा, अ‍ॅडॉप्टर काढा, ७९२ लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. आवाज गेला तर चोर घरात आहे. मग एकेक गोष्ट चालू करत जा: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विसरू नका. तो विजेची लाट कापतो, त्यामुळे पंखा मध्यम वेगावर असताना गुरगुर सगळ्यात जास्त. त्याजागी टप्प्याटप्प्याने फिरणारा कंडेन्सरचा रेग्युलेटर बसवला की ती थांबते. दिव्याचं म्हणाल तर त्यातलं स्वस्त ड्रायव्हर सर्किट त्रास देतं, दुसऱ्या कंपनीचा लावून बघा.
मेन पाडूनही घरर्र राहिली तर ती शेजारची किंवा खांबावरची. आणि आवाज घरर्र नसून शिट्टीसारखा, कमीजास्त होणारा असेल तर ते रात्री आकाशातून परत येणारं लांबचं स्टेशन. त्याला बँडविड्थ ३ वर आणणं एवढाच उपाय.

तारवाला
छपरावर १५-२० मीटर तार टाकून तिचं टोक सेटभोवती चार वेढे गुंडाळा, काम होईल.

गँग कंडेन्सर
तारवाला, खेड्याबाहेर शेतात ठीक. पण घराच्या वायरिंगजवळून गेलेली तार स्टेशनाबरोबर तीच घरर्र गोळा करते, शिवाय पावसाळ्यात विजेची धास्ती. इथे चौकटीची एरियल चांगली, कारण तिला दिशा असते.
६० सेंटीमीटर बाजूची लाकडी चौकट घ्या. तिच्यावर प्लॅस्टिक आवरणाच्या वायरचे १० वेढे, दोन वेढ्यांत ५-६ मिलिमीटर अंतर. दहा वेढ्यांना वायर २५ मीटर पुरते. दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या गँगला (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरला) जोडा, ३६५ पिकोफॅरडच्या आसपासचा. ५५० च्या खाली ट्यून होत नसेल तर एकेक वेढा वाढवत जा. सेटला कुठलीच वायर जोडायची नाही, नुसता १५-२० सेंटीमीटरवर ठेवायचा.
दिशा महत्त्वाची. पुणं उत्तरेला, म्हणून चौकटीची कड उत्तर-दक्षिण आणि सेटमधला फेराइट रॉड (आतल्या एरियलची काळी कांडी) पूर्व-पश्चिम. रॉडचं टोक पुण्याकडे झालं की आवाज बसतोच. चौकट नसतानाही आधी सेट नुसता फिरवून पाहा, अर्धं काम तिथेच होतं. सेट ७९२ वर ठेवून गँग हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम भरून येतो. जागा अगदी अरुंद असते, भरभर फिरवलं तर निसटते.

स्टिरिओ-मोनो
१०१ चं सूंऽऽ वेगळं आहे. स्टिरिओ ऐकताना डाव्या-उजव्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (मुख्य लहरीवर स्वार असलेल्या दुसऱ्या लहरीवर) येतो, आणि तिथला गोंगाट मोनोपेक्षा साधारण २० डेसिबलने जास्त. मोनोचं बटण दाबा, सूंऽऽ बहुतेक जाईल. स्टिरिओ हवाच असेल तर सिग्नल वाढवावा लागेल: ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागा, येईल ती डायपोलच्या (दोन नळ्यांच्या एरियलच्या) एका बाजूची लांबी सेंटीमीटरमध्ये. १०१ साठी साडेसत्तर. अशा दोन नळ्या एका ओळीत आडव्या, मध्ये दोन सेंटीमीटर फट. एका नळीला ७५ ओहमच्या टीव्ही केबलची मधली तार, दुसरीला जाळी. नळ्यांची रुंद बाजू उत्तरेकडे. छपरावर जितकी उंच तितकी चांगली, कारण मध्यमलहर जमिनीच्या चढउतारांवरून वळून येते, एफएम डोंगराआड अडतं.
मोनोवरही 'स', 'श' चरचरत असतील तर तो कमी सिग्नल नव्हे, डोंगरावरून परावर्तित झालेली दुसरी लाट आहे. एरियल पाऊण मीटर इकडेतिकडे सरकवा आणि थोडी फिरवून पाहा.

नीराकाठ
पायरी ९ वर आणली, ७९२ लागलं, ताना फाटत नाहीत. घरर्र पंख्याच्या रेग्युलेटरचीच निघाली. चौकटीला तांब्याची इनॅमल वायर चालेल का?

गँग कंडेन्सर
चालेल. टोकांवरचं इनॅमल सॅंडपेपरने पूर्ण खरवडून मगच डाग द्या, नाहीतर जोड वरून पक्का दिसतो आणि आत कोरडा राहतो. बारीक वायर असली तरी वेढ्यांतलं अंतर तेवढंच ठेवा.