इंदूर: फुलांचे कंद मागवायचेत, यादीतलं काय ठेवू, काय खोडू?

इंदूरकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून फुलांचे कंद ऑनलाइन मागवायचं ठरवलंय, म्हणजे कुरिअरचा खर्च वाटला जाईल. यादीचं काम माझ्या गळ्यात. महालक्ष्म्यांची गडबड संपली की ऑर्डर टाकायची आहे.

अडचण अशी की विक्रेत्याच्या पानावर प्रत्येक फुलाखाली 'भारतीय हवामानास उत्तम' असं एकच वाक्य छापलंय. ट्युलिपखाली पण तेच आणि निशिगंधाखाली पण तेच. मग विश्वास कशावर ठेवायचा?

सध्या यादीत ग्लॅडिओलस, निशिगंध, अमरिलिस, रेन लिली, डॅफोडिल आणि ट्युलिप आहेत. ट्युलिप शेजारच्या काकूंसाठी. काश्मीरला जाऊन आल्यापासून त्यांना दुसरं काही दिसतच नाही. माझ्या सासूबाईंना निशिगंध हवाय, पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना घरचीच फुलं वाहायची म्हणतात.

जागा: घरापुढे एक लांब वाफा, अस्सल माळव्याची काळी माती. पावसाळ्यात चिखल, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा. शिवाय गच्चीवर कुंड्या. सगळं एकदम मागवलं तर चालेल का? आणि या मातीत कंद टिकतील का?

लश्करवाला

ताई, ग्वाल्हेरहून लिहितोय. आमची थंडी तुमच्यापेक्षा कडक, तरी ट्युलिप आमच्याकडेही आपोआप येत नाही. त्या कंदाला फूल धरायला साधारण १२ ते १६ आठवडे सलग गारवा लागतो, ९ अंशांच्या खाली. इंदुरात रात्र गार झाली तरी दुपारी ऊन तापतंच. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्युलिप फुलतात, पण ते आधीच थंड केलेले कंद नेदरलँड्सहून आणून लावलेले असतात.

काकूंची हौस मोडू नका, पण 'थंड केलेले' असं स्पष्ट लिहिलेलेच घ्या, थोडेच घ्या आणि डिसेंबरात हातात येतील असं बघा. फुलं झाली की कंद संपला असंच समजायचं. साधे मिळाले तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवता येतात. मात्र त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

डॅफोडिलचंही तेच रडगाणं. त्यांच्याच जातीतला पांढरा सुवासिक गुच्छांचा नार्सिसस, पेपरव्हाइट नावाने मिळतो, त्याला थंडावा लागत नाही. तो घ्या.

वाफेवाला

सगळं एकदम मागवू नका, हे पहिलं. प्रत्येक कंदाची झोपायची वेळ वेगळी. झोपलेला असतानाच तो प्रवास सोसतो.

आता फक्त ग्लॅडिओलस मागवा. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावले तर फुलं एकदम येऊन संपत नाहीत. निवडताना चपटा पसरट कंद नको. उंच, फुगीर, चांगला टणक घ्या.

निशिगंध आता अजिबात नको, मार्च-एप्रिलला. तेव्हा लावलेला पावसाळ्यात दांडे काढतो, भाद्रपदात सासूबाईंचं काम होईल. वासासाठी सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांचा घ्या. बेंगळुरूच्या बागायती संस्थेची 'प्रज्वल' किंवा राहुरी विद्यापीठाची 'फुले रजनी' मागितली तर ओळखीचा रोपवाटिकावाला समजून घेईल. डबल दिसायला भरगच्च, पण सुवासात सिंगलची सर नाही, हे माझं मत. आणि एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिलं फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षं गड्डा हलवू नका.

अमरिलिस हिवाळ्यात मागवा. कुंडीतच लावा, मानेचा भाग मातीवर राहू द्या. नवीन पानं किंवा दांडा दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं.

रेन लिली विकत घेता? कुणाच्याही कुंपणाशी मूठभर मिळेल. काळ्या मातीतही तीच बिनतक्रार येते.

इंदूरकरीण

दोघांचे आभार. रेन लिली खोडली, आमच्या मागच्याच बंगल्यात आहे! मातीचं मात्र राहिलं.

वाफेवाला

काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो, तिथेच बहुतेकांचं फसतं. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. माती, जाड रेती आणि कुजलेलं शेणखत, तिन्ही सारख्या भागांत. नर्मदेची रेती इंदुरात मिळतेच. बारीक बांधकामाची धूळ घालू नका, त्याने माती उलट घट्ट बसते.

खोकं आलं की त्याच दिवशी उघडा. मऊ, बुरशी आलेले बाजूला काढून फोटो विक्रेत्याला पाठवा. बाकीचे लिटरभर पाण्यात २ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून, मग सावलीत वाळवा. ग्लॅडिओलस साधारण ८ ते १० सेंटिमीटर खोल.

लश्करवाला

फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, ताई. नार्सिसस आणि अमरिलिसचे कंद अगदी कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात. स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवा.

इंदूरकरीण

हे बरं सांगितलंत, आमच्याकडे कांदे त्याच टोपलीत जातात. म्हणजे आता ऑर्डर फक्त ग्लॅडिओलस आणि पेपरव्हाइटची. ट्युलिप 'थंड केलेले' आहेत का, हे काकूंनीच विक्रेत्याला फोन करून विचारायचं. एक शेवटचं: ग्लॅडिओलसचे कंद फुलं झाल्यावर काढून ठेवायचे म्हणतात, ते इंदूरच्या उन्हाळ्यात कुठे ठेवता तुम्ही?

वाफेवाला

पानं पिवळी पडली की काढा, सावलीत सुकवा आणि कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. गच्चीवरच्या खोलीत ठेवलेत तर मे महिन्यात सुकून चिपाडं होतील.