आजोबांचे सांगली बँकेचे शेअर – रद्दी की पैसे?

मिरजेची_नात: आजोबांच्या ट्रंकेत सांगली बँकेचे 370 शेअर सापडले. आजोबा 2003 मध्ये वारले. काका म्हणतात, बँकच राहिली नाही, फाडून टाक. एक एजंट मात्र निम्मे पैसे द्या, काढून देतो म्हणतोय. काय करू?

साताऱ्याचा: आमच्याकडे युनायटेड वेस्टर्न बँकेचे होते. ती आयडीबीआयमध्ये गेली तेव्हा शेअरला 28 रुपये रोख दिले, विषय संपला. तुमचंही तसंच असणार.

राजवाडा_चौक: नाही हो, दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत. मी सांगली बँकेतच नोकरी केली, शेवटी राजवाडा चौकातल्या मुख्य कचेरीत होतो. युनायटेड वेस्टर्नवर सप्टेंबर 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयच्या हवाली केली. आमच्यावर ती वेळ आली नाही. बँकेचं भांडवल जोखमीच्या कर्जांच्या निदान 9 टक्के हवं, या अटीच्या फार खाली ते गेलं होतं हे खरं, पण आमच्या संचालकांनी आयसीआयसीआयशी बोलणी करून 19 एप्रिल 2007 पासून विलीनीकरण केलं. 1916 साली संस्थानी सांगलीत निघालेली बँक, हळदीच्या अडत्यांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळ्यांची खाती. दोनशेच्या आसपास शाखा झाल्या होत्या. बँक बुडाली असं कुणी म्हटलं की फार लागतं मला. ठेवीदाराचा एक रुपया बुडाला नाही.

आता तुमचा हिशेब. 925 शेअरमागे आयसीआयसीआयचे 100 मिळाले, म्हणजे 370 चे 40. डिसेंबर 2014 मध्ये एका शेअरचे पाच झाले, म्हणजे 200. मग 2017 मध्ये दहाला एक बोनस, म्हणजे 220. वर इतक्या वर्षांचा लाभांश वेगळा. काकांना हे आधी दाखवा!

शेअरच्या दाखल्याच्या मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो, त्यात शेवटचं नाव आजोबांचंच आहे ना ते बघा. फोलिओ नंबर, म्हणजे भागधारकाचा खाते क्रमांक, उतरवून घ्या.

मिरजेची_नात: शेवटचं नाव त्यांचंच आहे. पण दाखल्यावर "गणपत", आधारवर "गणपतराव". आणि हे शेअर आता आहेत कुठे?

राजवाडा_चौक: सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअरसुद्धा केंद्राच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. तुमचे बहुधा तिथेच असतील. त्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. आधी आयसीआयसीआयच्या रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, फोलिओ नंबर, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं पाठवा. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करा. रजिस्ट्रारचं हक्कपत्र, म्हणजे शेअरवर तुमचा हक्क असल्याचं पत्र, आलं की आयईपीएफ-5 हा अर्ज भरायचा. अर्जाला फी नाही. डिमॅट खातं मात्र लागेल, आणि काका, आत्या सगळे वारस असतील तर त्यांची ना-हरकत आत्ताच घेऊन ठेवा, बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. एजंटाला मूळ दाखले अजिबात देऊ नका. रजिस्ट्रारचं पत्र आलं की इथे टाका, पुढचा अर्ज मी भरून देतो.