नॉइजमुळे न्यूरॉनचा ताल मोडतोच का?

तालवेडा: नॉइज, म्हणजे इनपुटमधला रँडम चढउतार, हा कचरा. जोडलेल्या न्यूरॉनच्या मॉडेलमध्ये तो जितका ओताल तितकं एकत्र फायरिंग (एकाच वेळी ठोके देणं) मोडणार. कपलिंग, म्हणजे न्यूरॉनमधली जोडणी, वाढवा, इनपुट स्वच्छ ठेवा, विषय संपला.

उंबरठा: हे वाचून गप्प बसवेना. मेनेन आणि सेज्नोव्स्की यांचा 1995 चा प्रयोग आठवा. एकाच न्यूरॉनला स्थिर करंट पुन्हा पुन्हा दिला, तर पहिले काही स्पाइक (विजेचे ठोके) जुळतात, पुढे दर खेपेला भरकटतात. तोच करंट वेडावाकडा हलता ठेवला की स्पाइक दर वेळी जवळपास त्याच मिलिसेकंदाला. कचरा असं करतो?

तालवेडा: तो एकटा न्यूरॉन. मी जोडलेल्यांबद्दल बोलतोय.

रास्टर: माझी तीन आठवड्यांची झोप याच प्रश्नाने घालवली होती. शंभर न्यूरॉन, कपलिंग शून्य, तरी रास्टरवर (कोणता न्यूरॉन कधी उडाला त्या आलेखावर) सरळ उभ्या रेघा, म्हणजे सगळे एकाच क्षणी! मार्गदर्शक म्हणाले, पेपर लिहायला घे. मग दिसलं, लूपमध्ये प्रत्येक न्यूरॉनला रँडम सीड एकच जात होतं, म्हणजे सगळ्यांना तोच नॉइज. चूक माझीच, पण परिणाम खरा होता. तेरामाए-तानाका यांनी 2004 मध्ये हेच गणिताने दाखवलंय: नॉइज सामाईक असेल तर न जोडलेले ऑसिलेटरही (ठरावीक ताल धरणाऱ्या यंत्रणा) एका फेजला, म्हणजे तालाच्या एकाच टप्प्यावर, येतात. नॉइज सामाईक की ज्याचा त्याचा, हे आधी सांगा.

वर्गमूळ: त्याहून आधी सांगा, कोडमध्ये नॉइजला डीटीच्या (वेळेच्या एका पायरीच्या) वर्गमुळाने गुणता की नुसत्या डीटीने? नुसत्या डीटीने गुणलं तर पायरी दहापट बारीक केल्यावर तेवढ्याच वेळात साठणारं नॉइजचं व्हेरियन्स (विखुरणं) दहापट घटतं. मग लोक छातीठोक लिहितात, 'नॉइजचा परिणाम होत नाही'. असले निकाल तपासून डोकं फिरलंय माझं.

तालवेडा: धागा नॉइजचा आहे, तुमच्या शिकवणीचा नाही!

वर्गमूळ: मग तुमचा कोड टाका इथे. वर्गमूळ आहे का त्यात?

तालवेडा: ...नाही. पण स्वतंत्र नॉइज ताल मोडतो, यावर ठाम आहे.

उंबरठा: जास्त असेल तर मोडतोच, कोण नाही म्हणतंय? पण थ्रेशोल्डच्या (ठोका पडायच्या पातळीच्या) जरा खाली बसलेले फिट्झह्यू-नागुमो मॉडेलचे न्यूरॉन घ्या. नॉइज नसेल तर सगळे गप्प. बेताचा असेल तर एक उडतो आणि कपलिंगने शेजाऱ्यांना ओढतो. पिकोव्स्की-कुर्ट्स यांनी 1997 मध्ये एकट्या न्यूरॉनमध्येही दाखवलंय की मधल्या नॉइजला ठोके सगळ्यांत नियमित पडतात.

तालवेडा: बरं, 'कचरा' मागे घेतो. तेवढंच. वर्गमूळ घालून आज रात्री पुन्हा चालवतो, पायरी 0.01. सीड वेगवेगळी.